नातेवाइकाचं चालतं

आमच्या युनिटमध्ये एक डीप फ्रीझर आहे. पेशंटच्या रक्ताचे नमुने त्यात ठेवतात. त्याला कुलूप आहे, लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, आणि मुदत संपली की नमुने रीतसर नष्ट करतात. किस्स्यांची मात्र अशी काही सोय नाही. ते चहाच्या टेबलावर साचत जातात, खराब होत नाहीत आणि कुणी नष्टही करत नाही. नवा डॉक्टर आला की आधी त्याला फ्रीझर दाखवतात, मग चहा सांगतात, आणि मग आमच्यापैकी कुणीतरी सुरू होतंच.

परभणीत मी सांगितलं की मी लिम्फोमाच्या संशोधनात काम करते, तर समोरचा विचारतो, "म्हणजे शुगरचंच काहीतरी ना?" कॅन्सर म्हटलं की खुर्ची मागं सरकते. एका हळदीकुंकवाला एका बाईनं माझ्या हातचं वाण घेतलं, मी कुठं असते ते ऐकलं आणि वाण हळूच सोफ्याखाली ठेवलं! स्टीलची वाटी होती, चांगली जाड. मी येताना परत घेऊन आले.

तर लिम्फोमा म्हणजे मानेत, काखेत, जांघेत गाठी येणारा कॅन्सर. औषधानं बरा होतो, आणि कित्येकांचा परत येतो. कुणाचा परत येणार हे रक्तावरून आधीच ओळखता येतं का, हे आमचं संशोधन. आम्ही तिघं. डॉ. बिडवई, म्हणजे आमचे साहेब, जे हसत नाहीत. रक्त काढणारे रफीकभाई, जे सारखे हसतात. आणि मी. पेशंटला समजावणं, धीर देणं आणि पळाला तर हुडकून आणणं हे माझं काम.

०००

गाठ कधीच सरळ आमच्याकडं येत नाही. आधी शेजारीण बघते आणि म्हणते, "अवधानाची गाठ हाय, पायात काटा मोडला असंल." मग कुणीतरी टीबीच्या गोळ्या देतं. आणि कुठंतरी मधे बिब्बा असतोच.

जिंतूरकडची एक आजी आली. गळ्यावर बिब्ब्याच्या चटक्यांचे काळे डाग इतके, की साहेब सुई हातात धरून बरी कातडी शोधत बसले. साहेबांचा पारा चढला.

"आजी, हे काय करून घेतलंत?"

"गाठ वाढायली तसा बिब्बा वाढवला. काय करावं मंग?"

"आता बिब्बा बंद! फक्त आमचं औषध!"

"बंद तर बंद. तसंबी बिब्बा घालनारी बाई मागल्या महिन्यात मेली."

"कशानं?" रफीकभाईंनी सहज विचारलं.

"गाठीनं!"

रफीकभाई बाहेर जाऊन हसून आले. आत आले तेव्हा साहेबांनी हातातली सुई खाली ठेवली होती. ती गाठ घेऊन फिरणारी बाई गावात होती, दुसऱ्यांच्या गाठींवर बिब्बा घालत होती आणि आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. साहेबांनी आजीला तिचं नाव विचारलं. मेलेल्या बाईचं नाव त्यांना कशाला हवं होतं, मला आजही कळलेलं नाही.

०००

साहेब पेशंटला संशोधन समजावतात ते ऐकण्यासारखं असतं. इंग्रजीत बोलताना त्यांचं कुणाला काही कळत नाही, पण शेतकरी समोर बसला की गाडी रुळावर येते.

"हरळी माहितीय ना? रान सगळं खणून काढलं तरी एखादी काडी खाली राहते. वरून रान साफ दिसतं. तशी तुमच्या रोगाची काडी रक्तात राहिलीय का, ते आम्ही बघणार. ज्याच्या त्याच्या रोगाची खूण वेगळी असते, ती आम्हाला ठाऊक झालीय. रक्तात ती खूण दिसली की समजायचं, हरळी पुन्हा फुटणार."

पोखर्णीचे किशनआबा हे ऐकून म्हणाले, "म्हंजे गाठ यायच्या आदीच तुमी सांगनार?"

"हो."

"मंग मला पेरनी झाल्याबिगर सांगू नका. एकदा सांगितलं की मानूस रानात न्हाई, इचारातच बसतंय."

नेमकं आबांच्याच रक्तात खूण दिसली. साहेब दोन दिवस व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. शेवटी मला म्हणाले, "फोन करा. पेरणी झाली का एवढंच विचारा."

मी विचारलं. आबा म्हणाले, "झाली व्हती की. पावसानं दडी मारली, समदं करपून गेलं. दुबार पेरनी चाललीय."

मी आबांची फाइल उघडली आणि परत मिटली.

"गप कामून झालाव, म्याडम?" आबांनी विचारलं. "तुमचं बी दुबारच हाय का?"

आबा आले, दुसऱ्यांदा सगळे उपचार घेतले. सोयाबीन काढणीला आलं तेव्हा ते नव्हते. त्यांच्या मुलानं पिशवीभर सोयाबीन युनिटमध्ये आणून ठेवलं. साहेबांनी ते घरी नेलं नाही आणि कुणाला नेऊही दिलं नाही. टेबलाखाली बरेच दिवस ती पिशवी पायाला लागायची.

०००

आता जरा रफीकभाईंचं सांगते, नाहीतर तुम्ही चहा टाकून उठाल.

कीमोनं केस जातात हे सगळ्यांना माहीत असतं. भुवया जातात, तोंड सुजतं, रंग काळवंडतो हे माहीत नसतं. औषध संपलं की चार-सहा महिन्यांत सगळं परत येतं आणि समोर भलताच माणूस उभा राहतो. सेलूची एक बाई अशीच तपासणीला आली. डोक्यावर कुरळे केस, त्यात कसाबसा अडकवलेला गजरा.

रफीकभाई म्हणाले, "ताई, पेशंट कुठंय? रक्त पेशंटचं लागतं."

"आवो, मीच हाय की पेशंट!"

"पेशंटला मी ओळखतो ना! तुम्ही तिच्या मोठ्या बहीण दिसता."

बाईनं बाही वर सारली आणि कीमोनं काळी पडलेली शीर रफीकभाईंच्या नाकासमोर धरली.

"हिला तरी वळखतू का? तूच जाळलीस ही, मुडद्या!"

अख्खी ओपीडी हसली. बाईसुद्धा हसली, आणि मग तिथंच बाकावर बसून रडायला लागली. माझं तोंडच परकं झालं म्हणाली. रफीकभाईंना ते फार लागलं. घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, आज से चेहरा देखना बंद. नाव पुकारायचं, 'हौ' म्हटलं की सुई लावायची. इनसान को 'मैं मैं ही हूं' साबित करना पडे, ये बहुत बुरी बात है."

मला ते पटलं. साहेबांनाही पटलं.

०००

पाथरीच्या बाजूचा मारोती ऊसतोड कामगार. चांगला तगडा गडी, मानेत लिंबाएवढी गाठ घेऊन आला. सोबत बायको सुमन आणि धाकटा भाऊ गंगाधर. भाऊ म्हणजे किती भाऊ असावा! मारोतीला उलटी आली की याचे हात पुढं. मारोतीला भात नको झाला की हाही जेवायचा नाही. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "ह्या दोघांत आजारी कोन हाय तेच कळंना!"

कीमोत मारोतीचं रक्त फार कमी झालं. दोन पिशव्या चढवायच्या होत्या. रक्तपेढीवाले म्हणाले, "तुम्हाला देतो, पण बदली रक्त द्या." मारोती बिचारा हाताला लावलेल्या सुईसकट उठून बसला. रक्तपेढीचा माणूस वैतागला. "अरे, तुझं नको! नातेवाइकाचं चालतं."

"माजं घ्या," गंगाधर म्हणाला आणि तिथंच बाही सारून उभा राहिला. पुढं वर्षभर तो भेटेल त्याला सांगायचा, "दादा माझ्या रक्तावर उभा हाय." चढवलेल्या पिशवीतलं रक्त दुसऱ्याचंच असतं हे त्याला सांगायची माझी तरी छाती झाली नाही. कशाला सांगायचं?

मग दसरा आला. ऊसतोडीला टोळी निघायची वेळ. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि एकट्या बाईला, म्हणजे अर्ध्या कोयत्याला, कुणी टोळीत घेत नाही. मारोतीची अजून औषधं चालू होती. तर मारोतीच्या जागी गंगाधर वहिनीबरोबर गेला. गुढीपाडव्याला परत आला तेव्हा युनिटमध्ये पेढे घेऊन आला आणि बाकावर मांडी घालून सांगायला लागला,

"म्याडम, सगळा सीझन मी मारोतीच व्हतो! मुकादमाकडं नाव दादाचं. त्यानं मारोती म्हनून हाक मारली की मी हौ म्हनायचो. आखरीला तर कुनी गंगाधर म्हनलं की मी मागं वळून बगायचो, की कोन आलंय!"

मारोती शेजारी बसून हसत होता. डोक्यावर नुकतेच बारीक केस आले होते. त्या दिवशी मला वाटलं, ह्या नोकरीत असे चार दिवस आले तरी पुरे.

०००

पुण्याहून आमचं काम तपासायला एक मोठ्या मॅडम आल्या होत्या. आमचे नमुने त्यांच्याच प्रयोगशाळेत जातात. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचे पेशंट दसऱ्याला गायब होतात आणि पाडव्याला परत येतात. ह्या भागात असं सीझनल काही आहे का?"

"आहे ना," मी म्हटलं. "ऊस."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मला हसू नाही, राग आला होता. कारण तेव्हा आमच्यासमोर मारोतीचाच प्रश्न होता. उपचार संपल्यावर त्याचं रक्त साफ होतं, पण दुसऱ्या दसऱ्याच्या तोंडावर घेतलेल्या नमुन्यात खूण दिसली. अगदी पुसट. पुण्याच्या मशीननं भविष्य सांगितलं, रोग परत येणार! साहेब म्हणाले, एवढ्याशा खुणेवर जबर औषध सुरू करता येत नाही. पुढच्या नमुन्यात पुन्हा दिसली, तर एक दिवस थांबायचं नाही. आत्ता गाठ नाही, अंगात ताकद आहे, नवं औषध लागू पडेल. गाठी येऊन पसरल्या की मग हातात फार काही राहत नाही. त्यांनी ते नवं औषध मारोतीसाठी राखूनही ठेवलं.

मारोतीला समोर बसवून हे सगळं सांगितलं. सुमन होती, गंगाधर होता. साहेब म्हणाले, "ह्या वर्षी ऊस नको."

"बरा हाय की मी, साहेब. आन् गंगाधरची कंबर गेलीय मोळ्या वाहून. मी न्हाई गेलो तर हिला एकटीला कोन नेतंय?"

"मग रक्ताचं काय?"

"रक्त चुकनार न्हाई. शब्द देतो!"

साहेबांनी त्याच्यावर एक तोड काढली. परभणीला येण्यात दिवस मोडतो, म्हणून फडापासून जवळ, पाथरीतच एक खोली घेतली. ठरल्या तारखेला रफीकभाई बर्फाची पेटी घेऊन तिथं जाणार, पेशंटांनी यायचं, रक्त द्यायचं, जायचं. डॉक्टर नाही, रांग नाही, खोळंबा नाही. रफीकभाईंनी नाव पुकारायचं, 'हौ' म्हटलं की सुई.

०००

पाथरीच्या पहिल्या खेपेवरून रफीकभाई आले ते ओरडतच. "मॅडम, मारोती आया था! सगळ्यात आधी हजर! तब्येत मस्त, हात असा की शीर लगेच सापडली!"

शब्द पाळला म्हणून साहेबांनी मान हलवली. साहेबांच्या हिशेबात ही मोठी दाद.

पुण्याहून रिपोर्ट आला. खूण नाही. साहेबांचा विश्वास बसेना. पुढची खेप गेली, पुन्हा मारोती हजर, पुन्हा रिपोर्ट साफ. पुसटसुद्धा काही नाही! जिथं मशीननं रोग येणार म्हणून सांगितलं, तिथं रक्त एखाद्या निरोगी माणसासारखं!

आणि त्या दिवशी आमचे साहेब हसले. दात दिसले! स्टँडवरून भजी मागवली. स्वतःच्या हातानं कागद उलगडून सगळ्यांना दिली. म्हणाले, "चुकलं, मशीन चुकलं! माणसाच्या शरीराचं कुणी सांगावं?" भविष्य खोटं ठरलं म्हणून इतका खूश झालेला संशोधक मी पहिल्यांदा बघितला. मारोतीसाठी राखलेलं औषध मोकळं झालं. ते गंगाखेडच्या एका पेशंटला दिलं. तो आज आपल्या किराणा दुकानात बसतो.

मी मारोतीला फोन लावला. फडात वाऱ्याचा आवाज, मागं कुणीतरी बैलावर ओरडत होतं.

"मारोती, रक्त एकदम साफ आहे!"

"साफ?" तो केवढ्यानं तरी हसला. "बरं झालं, म्याडम. आता फिकीर न्हाई. गंगाधरला सांगा बरं का, लय खूश हुईल!"

गंगाधरला मी गावी फोन केला. तो खरंच लय खूश झाला.

०००

पाडवा झाला, टोळ्या परतल्या. एका सकाळी जीपमधून मारोतीला धरून उतरवलं. एका बाजूनं सुमन, एका बाजूनं गंगाधर. मानेच्या दोन्ही बाजू भरून आल्या होत्या, काखेत गाठी, पोटात गाठी, आणि दोन पावलं टाकली की धाप. सुमन म्हणाली, "संक्रातीच्या आदीपसून मान भरायली व्हती. मी म्हनलं, चला माघारी. तर म्हनले, रक्त साफ हाय की, म्याडमनं सोता फोन केलता."

साहेबांनी मारोतीच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग पाथरीचे दोन्ही रिपोर्ट मागवले. वाचले. चष्मा पुसला, परत वाचले.

"हे शक्य नाही," ते म्हणाले. "इतका रोग अंगात आणि रक्तात एक खूण नाही? मी काय लोकांना सांगू, की ही तपासणीच खोटी आहे? इतक्या लोकांना मी हिच्या भरवशावर घरी पाठवलंय!"

त्यांचा आवाज फुटला. आम्ही असा आवाज कधी ऐकला नव्हता. मारोती खुर्चीत मान टाकून बसला होता आणि साहेब रागावले म्हणून त्याचाच चेहरा अपराध्यासारखा झाला होता.

"रफीक, आत्ताच्या आत्ता रक्त काढा," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर."

रफीकभाई खाली बसले. मारोतीचा हात मांडीवर घेतला. हात वाळून काडी झालेला. दंडाला रबर बांधलं, शीर चाचपली, सापडेना. दुसऱ्या हाताला बांधलं.

तेवढ्यात गंगाधर पुढं आला. भावाच्या दंडावरचं रबर त्यानं हळूच सोडलं, मारोतीचा हात त्याच्या मांडीवर परत ठेवला, आणि स्वतःची बाही सारून रफीकभाईंच्या समोर उकिडवा बसला.

"त्येचं कशाला घेता, भाई? लय अशक्त झालाय त्यो. पाथरीला घेत व्हता तसं माजंच घ्या की."